ऐकणाऱ्याचे ऋण

बंगळूर शहरात शेषाद्री मार्गाला लागून एक उद्यान आहे. 'फ्रीडम पार्क' हे त्याचे नाव. नोव्हेंबर २००८ मध्ये ते नागरिकांसाठी खुले झाले. त्यापूर्वी शतकाहून अधिक काळ या जागी मध्यवर्ती कारागृह होते. २००० साली कैद्यांना परप्पन अग्रहार येथील नव्या कारागृहात हलविण्यात आले आणि जुन्या तुरुंगाच्या काही भिंती, काही बराकी व मधोमध असलेला टेहळणीचा मनोरा एवढेच राखून ठेवले गेले. आता तेथे सकाळी माणसे फिरावयास येतात, दुपारी झाडांखाली विद्यार्थी पुस्तके उघडून बसतात आणि शहरातील मोर्चे व धरणी यांना याच आवारात जागा दिली जाते. ज्या ठिकाणी माणसांना गप्प बसविण्यासाठी आणले जात असे, त्याच ठिकाणी आज माणसांना बोलण्याची परवानगी मिळते, हा काळाने केलेला बदल विचार करावा असा आहे.

मला या जागेत शिरताना मात्र दरवेळी थोडे अवघडल्यासारखे होते, आणि त्याचे कारण सांगूनच हा लेख सुरू करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. १९७६ साली मी महाविद्यालयात जाता-येता याच तुरुंगाच्या भिंतीच्या कडेने जात असे. घरी वडिलांची सक्त ताकीद होती की, त्या रस्त्याने जाताना थांबावयाचे नाही, कोणाशी बोलावयाचे नाही. मी थांबलो नाही, बोललोही नाही. भिंत उंच होती आणि रस्त्यावर रहदारी होती. त्यामुळे मला काही ऐकू आले नाही, हे खरे आहे. पण काही ऐकू येते का, हे पाहण्याची इच्छाही मला कधी झाली नाही, हेही तितकेच खरे आहे. त्या वर्षी त्या भिंतीच्या आत काय चालले होते ते मला पुढे छापील पानांवरून कळले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्यापाशी राहिला आहे. दुसऱ्याचे दुःख ज्याच्या कानावर पडते पण जे थांबविणे त्याच्या हाती नसते, त्याच्यावर त्या दुःखाचे कोणते ऋण येते?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्या वाङ्मयीन परंपरेने तुरुंगाकडे कसे पाहिले याचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत तुरुंगाचे नाते ग्रंथनिर्मितीशी फार जवळचे आहे. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. हा वारसा मोठा आहे, आणि त्याविषयी आपल्याला वाटणारा अभिमानही योग्यच आहे. परंतु या वारशाने नकळत आपल्या मनात तुरुंगाचे एक चित्र उभे केले आहे. तुरुंग म्हणजे सक्तीचा का होईना पण एकान्त; तेथे ज्ञानी माणूस अधिक ज्ञानी होतो, साधक अधिक शांत होतो, आणि बाहेर येताना त्याच्या हाती एक हस्तलिखित असते. या चित्रात सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'ने अंदमानातील कोलू, दंडाबेडी आणि कोठडी यांची भर घातली, तरी तेथेही कथन करणारा माणूस असामान्यच होता.

ज्यांच्या हाती हस्तलिखित नसते, त्यांना या परंपरेत स्थान नाही. त्याच धुळ्याच्या, नाशिकच्या आणि पोर्ट ब्लेअरच्या तुरुंगांत शेकडो माणसे होती. त्यांनी काय सोसले ते आपल्याला ठाऊक नाही, कारण सोसणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत. पहिली प्रत्येकाला वापरावी लागते. दुसरी थोड्यांपाशीच असते.

आता बंगळूरच्या त्या तुरुंगाकडे वळतो. २६ जून १९७५ च्या सकाळी, आणीबाणीची घोषणा झाल्यावर काही तासांतच, या शहरात चार खासदारांना अटक झाली. पक्षांतरबंदीच्या विधेयकाचा विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या कामासाठी ते येथे आले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते अशी त्यांची नावे. दंडवते हे अहमदनगरात जन्मलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक. १९७१ पासून राजापूरचे खासदार. कोकणातील मतदारांचा हा प्रतिनिधी पुढील काळ कानडी मुलखातील एका तुरुंगात 'मिसा'खालचा स्थानबद्ध म्हणून राहिला. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते याही पुढे पकडल्या गेल्या आणि त्यांना येरवड्यास ठेवण्यात आले. दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांतून या पतिपत्नींचा पत्रव्यवहार चालू होता. त्यांच्या हाती पडण्यापूर्वी प्रत्येक पत्र तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात असे.

या नेत्यांचा तुरुंगातील दिनक्रम त्यांनीच लिहून ठेवला आहे. अडवाणींची रोजनिशी १९७८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वाजपेयींनी तेथे कविता लिहिल्या. वाचन, चर्चा, खेळ, भेटीच्या दिवसाची प्रतीक्षा, न्यायालयातील अर्जाची उत्सुकता असा तो दिनक्रम होता. स्वातंत्र्य हिरावले जाणे हीच मोठी शिक्षा आहे, आणि सुटकेची तारीख माहीत नसणे ही त्याहून मोठी. तेव्हा या दिनक्रमाला सुखाचा म्हणण्याचा अविवेक मी करणार नाही. तरीही एवढे म्हणता येते की, या माणसांचे माणूसपण तेथे कोणी नाकारले नव्हते. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली जात होती.

त्याच तुरुंगाच्या आवारात मे १९७६ मध्ये एक स्त्री आणली गेली. स्नेहलता रेड्डी हे तिचे नाव. रंगभूमीवर व समाजवादी चळवळीत वावरलेली ही अभिनेत्री कन्नड चित्रपट 'संस्कार'मुळे देशाला परिचित झाली होती. पट्टाभिराम रेड्डी हे तिचे पती. त्यांनीच १९७० साली अनंतमूर्तींच्या कादंबरीवरून तो चित्रपट काढला होता. जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होते आणि सरकार त्यांच्या मागावर होते. १ मे १९७६ रोजी त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळुरात पकडण्यात आले व पोलीस कोठडीत त्यांचा अमानुष छळ झाला. दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, स्नेहलतांना अटक झाली. बडोदा स्फोटकांच्या प्रकरणाशी त्यांचा संबंध जोडला गेला. परंतु त्या खटल्याचे आरोपपत्र दाखल झाले तेव्हा त्यात त्यांचे नाव नव्हते. तरीही त्यांना सोडले नाही. 'मिसा'मध्ये आरोप सिद्ध करण्याची गरज नव्हती.

त्यांना दम्याचा जुना विकार होता. एका माणसापुरती कोठडी, दाराला लोखंडी गज, आणि कोठडीच्या टोकाला शौचासाठी एक भोक. तेथे दम्याचे झटके येत गेले, उपचार नीट मिळाले नाहीत, प्रकृती ढासळत गेली. रात्री सारे शांत झाल्यावर स्नेहलतांच्या कोठडीतून येणारा त्यांचा आक्रोश आपल्या कानी पडत असे, असे मधु दंडवते यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. १५ जानेवारी १९७७ रोजी पॅरोलवर त्यांची सुटका झाली. १८ जानेवारीला लोकसभेच्या निवडणुकीची घोषणा झाली. २० जानेवारीला स्नेहलता गेल्या. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांची गणती लाखावर जाते. शाह आयोगाच्या अहवालात 'मिसा'खालील स्थानबद्धांची संख्या ३४,९८८ व भारत संरक्षण कायद्याखाली पकडलेल्यांची संख्या ७५,८१८ अशी दिली आहे. त्या आकड्यांत स्नेहलता रेड्डी ही एक नोंद आहे. दंडवते यांच्या नोंदीमुळे मात्र त्या संख्येतील एका आकड्याला आवाज मिळाला.

माझा प्रश्न याच नोंदीपाशी उभा राहतो. रात्री कोठडीत एक माणूस जागा आहे. पलीकडून एका स्त्रीचा आक्रोश येतो आहे. तो तिच्यापर्यंत जाऊ शकत नाही, कारण तोही बंदिवान आहे. तो सभागृहात प्रश्न विचारू शकत नाही, वर्तमानपत्रात लिहू शकत नाही. या माणसाचे कर्तव्य कोणते? नीतिशास्त्रात आपण असे शिकतो की, जे करणे शक्य नाही त्याचे कर्तव्य असू शकत नाही. हा नियम तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण तो आवाज ऐकणाऱ्याला या नियमाने झोप येईल असे वाटत नाही. कर्तव्याचा मार्ग बंद झाला तरी काहीतरी देणे शिल्लक राहते. त्यालाच मी ऋण म्हणतो. आपल्याकडे ऋण ही कल्पना कर्तव्याहून जुनी आहे. माणूस काही करण्यापूर्वीच, केवळ जन्मल्याने, ऋणी असतो असे आपली परंपरा मानते. तसेच माणूस केवळ ऐकल्यानेही ऋणी होत असावा.

या ऋणातून सुटण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत प्रतिष्ठित मार्ग म्हणजे तुलना. आणीबाणीविषयी बोलणे निघाले की कोणीतरी म्हणतो, "पण आपल्याकडे काही हिटलरच्या छळछावण्या नव्हत्या." हे वाक्य मी अनेक चर्चासत्रांत ऐकले आहे. ते खोटे नाही. म्हणूनच त्याची नीट तपासणी झाली पाहिजे.

छळछावण्या म्हणजे काय होते, ते प्रथम आठवू. रसायनशास्त्रज्ञ असलेला इटालियन लेखक प्रीमो लेव्ही १९४४ च्या आरंभी आउश्वित्झला नेला गेला आणि जानेवारी १९४५ मध्ये छावणी मुक्त झाली तेव्हा जिवंत सापडला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने तेथील दिवस लिहिला आहे. तेथे माणसाचे नाव जात असे आणि हातावर गोंदलेला क्रमांक राहत असे. पहाटे हजेरी; बर्फात, पावसात, संख्या जुळेपर्यंत उभे राहणे. पाव हेच चलन. सूप पिण्यासाठी चमचा मिळत नसे, तो पावाच्या मोबदल्यात मिळवावा लागे. नाहीतर जनावरासारखे जिभेने चाटावे लागे. पायांत न बसणारी लाकडी तळाची पादत्राणे. त्यांनी पाय सोलवटत, जखमा चिघळत, माणूस कामात मागे पडे, आणि मागे पडलेला निवडला जाई. निवडला जाणे म्हणजे विषारी वायूच्या कोठडीकडे जाणे. एकट्या आउश्वित्झमध्ये सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली. त्यांतील बहुतेक सारी ज्यू होती. त्यांचा गुन्हा त्यांचे जन्मणे हाच होता.

बंगळूरचा तुरुंग हा असा नव्हता. येथे कोणाचे नाव पुसले गेले नाही. वंशाच्या नाशाची कोणतीही योजना नव्हती. न्यायालये निष्प्रभ झाली तरी बंद पडली नव्हती. आणि एकवीस महिन्यांनी ही राजवट मतपेटीतून दूर झाली. या दोहोंना एका पंक्तीत बसविणे हा आउश्वित्झमध्ये गेलेल्यांचा अपमान आहे. स्वतःच्या दुःखाला वजन यावे म्हणून दुसऱ्याचे मरण उसने घेणे हा एक प्रकारचा चोरटेपणाच म्हणावा लागेल.

पण तुलनेचे हे वाक्य ज्या वेळी उच्चारले जाते त्या वेळी त्याचा हेतू बहुधा आउश्वित्झचा मान राखणे हा नसतो. त्याचा हेतू स्नेहलतांची कोठडी विसरणे हा असतो. दुःखाची उतरंड लावली की सर्वांत वरचे मडके तेवढे दुःख ठरते आणि खालची सारी मडकी रिकामी मानली जातात. दम्याने श्वास अडकलेल्या स्त्रीला इतिहासाच्या त्या उतरंडीत आपला क्रमांक कितवा आहे याची वार्ता नसते. तिच्यापुरता तो श्वास संपूर्ण असतो. तेव्हा तुलना ही समजण्यासाठी उपयोगी असली तरी ऋणमुक्तीसाठी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष निघतो. तिचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. शेवट कसे वेगळे झाले हे तिने कळतेच. पण आरंभ कोठे सारखे होते हेही कळते. २८ फेब्रुवारी १९३३ रोजी जर्मनीत एका आदेशाने नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले आणि विनाचौकशी 'संरक्षक कोठडी'त ठेवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोच, २२ मार्च रोजी, म्युनिकजवळच्या डाखाऊ येथे पहिल्या नियमित छावण्यांपैकी एक उघडली. गॅसच्या कोठड्या पुष्कळ पुढच्या. आरंभी होता तो एक कागद, आणि भिंतीच्या कडेने जाणारी, न थांबणारी माणसे. त्या माणसांत मी स्वतःला ओळखतो.

लेव्हीच्या पुस्तकातील एक गोष्ट येथे विशेष प्रस्तुत आहे. छावणीत त्याला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असे. तो घरी परतला आहे, आपली माणसे भोवती आहेत, तो सारे सांगतो आहे. आणि कोणी ऐकतच नाही. ती आपसांत दुसरेच बोलत राहतात, बहीण उठून निघून जाते. असेच स्वप्न इतर कैद्यांनाही पडत असल्याचे त्याला पुढे कळले. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, भूक, थंडी आणि मृत्यू यांनी वेढलेल्या माणसांच्या झोपेत सर्वांत भयंकर म्हणून जे उतरत होते, ते न ऐकणे होते. छळणारा त्या स्वप्नात नाही. स्वप्नात आहेत ती आपलीच माणसे. म्हणजे छळ करणाऱ्याचे काम जेथे संपते तेथून न ऐकणाऱ्याचे सुरू होते.

न ऐकण्याचे एक उदाहरण आपल्याही इतिहासात आहे, आणि ते अत्यंत सुशिक्षित आहे. आणीबाणीत विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर होता. नऊ उच्च न्यायालयांनी दाद मागता येते असे म्हटले होते. कर्नाटकाचे उच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांत होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने उलट निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. बहुमतातील एका न्यायमूर्तींनी, एम. एच. बेग यांनी, स्थानबद्धांना चांगले ठेवले जाते, चांगले खाऊ घातले जाते, असे सांगून शासनाच्या या आस्थेला आईच्या मायेची उपमा दिली. हा निर्णय झाल्यावर तिसऱ्या दिवशी लॉरेन्स फर्नांडिस पकडले गेले, आणि चौथ्या दिवशी स्नेहलता रेड्डी. कायद्याच्या भाषेत जिला माया म्हटले गेले, तिचा अनुभव या शहरात असा आला. त्या न्यायमूर्तींपाशी बुद्धी नव्हती असे कोण म्हणेल? त्यांच्यापर्यंत आवाज पोहोचत नव्हता, आणि तो पोहोचावा यासाठीचा जो एकमेव मार्ग होता, तोच त्यांनी त्या दिवशी बंद केला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय चुकीचा ठरवून रद्दबातल केला. एक्केचाळीस वर्षांनी.

येथपर्यंत मी असे गृहीत धरले आहे की, ऐकणारा एक आणि सोसणारा एक. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. स्नेहलतांनी तुरुंगात रोजनिशी लिहिली. ती १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाली. ती वाचताना लक्षात येते की, दंडवते यांच्या कानावर जिचा आक्रोश पडत होता, ती स्वतःही ऐकत होती. तिच्या भोवती साध्या गुन्ह्यांखालच्या स्त्रिया होत्या, ज्यांच्यासाठी ना संसदेत कोणी बोलणार होते ना परदेशांतून पत्रे येणार होती. त्यांना होणारी मारहाण, त्यांचे अन्न, त्यांचे पाणी यांविषयी तिने तुरुंगाधिकाऱ्यांशी झगडा केला. मारहाण थांबली, जेवण थोडे सुधारले, याचे समाधान तिने नोंदविले आहे. स्वतःचा श्वास अपुरा असलेल्या बाईने दुसऱ्यांसाठी आवाज काढला.

महाराष्ट्रात याच काळात मृणाल गोरे यांना अकोल्याच्या तुरुंगात एकान्तात ठेवले होते. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी स्त्री होती. समोर एक मनोरुग्ण स्त्री होती. ती थंडीतही विवस्त्र असे आणि तिचे ओरडणे चालूच राही. मृणालताईंचा हा छळ म्हणून त्या वेळी भूमिगत पत्रकांतून व नंतर पुस्तकांतून सांगितला गेला, आणि तो छळच होता. परंतु हा प्रसंग पुन्हा वाचताना मी आता वेगळ्याच जागी थांबतो. ती समोरची बाई कोण होती? तिचे नाव काय? कोणत्या गावची? तिला रुग्णालयाऐवजी तुरुंगात कोणी आणले, आणि मृणालताई सुटल्यानंतर तिचे काय झाले? आपल्या कथनात ती दुसऱ्या एका स्त्रीच्या यातनेचे साधन म्हणून येते आणि जाते. तिची स्वतःची यातना हा कोणाच्याही कथनाचा विषय झालेला नाही.

लेव्हीने आयुष्याच्या अखेरीस, १९८६ च्या पुस्तकात, हीच गोष्ट कठोरपणे मांडली. आम्ही परत आलो ते खरे साक्षीदार नव्हे, असे त्याचे म्हणणे. जे तळापर्यंत गेले ते एकतर परतले नाहीत किंवा परतले ते मुके होऊन. आम्ही त्यांच्या वतीने बोलतो. हा विचार आपल्या संदर्भात ठेवून पाहिला तर साक्षीची एक साखळी दिसू लागते. मनोरुग्ण बाईचे ओरडणे मृणालताई सांगतात. साध्या कैदी स्त्रियांचा मार स्नेहलता सांगतात. स्नेहलतांचा आक्रोश दंडवते सांगतात. प्रत्येक ठिकाणी सांगणारा सोसणाऱ्याहून एक पायरी वर आहे. त्याला थोडा अधिक प्रकाश, थोडा अधिक कागद, थोडी अधिक प्रतिष्ठा लाभलेली आहे. आणि आपण वाचक सर्वांच्या वर, ग्रंथालयातील पंख्याखाली बसलेले. दुःखाचा आवाज नेहमी असा एकेक पायरी चढत वर येतो. मधली एक पायरी जरी गप्प राहिली तरी तो तेथेच संपतो.

ऐकणाऱ्याचे ऋण कोणते, याचे उत्तर मला या साखळीत सापडते. ते ऋण म्हणजे पुढे सांगणे. आणि सांगताना आपण कोणत्या पायरीवर उभे होतो हे न लपविणे. यांतील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जो दुसऱ्याचे दुःख आपलेच म्हणून सांगतो, तो ते ऋण फेडीत नाही. ते आपल्या नावे जमा करून घेतो. दंडवते यांच्या त्या नोंदीचे मोल हे की, ती ऐकणाऱ्याची नोंद आहे. आपण ऐकले, आपण पलीकडे होतो, एवढेच ती सांगते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळता येणार नाही. नुसते सांगून काय होते? साक्ष ही कृतीची जागा घेऊ लागली तर ती एक सोयीस्कर पळवाट होणार नाही काय? हा आक्षेप मला मान्य आहे. तुरुंगातून आलेली माणसे १९७७ साली सत्तेवर बसली. त्यांनी 'मिसा' रद्द केला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची दाद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. ही कृती लहान नव्हे, आणि ती साक्षीतूनच जन्मली. पण तिचा लाभ मुख्यतः स्नेहलतांसारख्यांना आहे, स्नेहलतांच्या शेजारणींना नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. चारांतील तीन. त्यांच्यावर 'मिसा' नाही. त्यांच्यावर आहे ते दारिद्र्य, जामीनदाराचा अभाव आणि तारखा. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना २०१८ साली महाराष्ट्र शासनाने मासिक मानधन जाहीर केले. त्या याद्यांत अकोल्याच्या त्या बाईचे नाव असण्याचा प्रश्नच येत नाही. साखळीची वरची टोके गौरविली गेली. खालचे टोक होते तेथेच आहे.

येथे मला 'संस्कार'ची आठवण होते. ज्या कादंबरीच्या चित्रपटातून स्नेहलता रेड्डी यांचे नाव झाले, तिची मध्यवर्ती घटना सर्वांना ठाऊक आहे. अग्रहारातला नारणप्पा मरतो. त्याने आचार सोडलेला, म्हणून त्याचा अंत्यसंस्कार कोणी करावा यावर विद्वानांत वाद सुरू होतो. ग्रंथ उघडले जातात, प्रमाणे शोधली जातात, पंडित देवाकडे कौल मागतो; आणि तिकडे प्रेत सडत असते. अखेरीस नारणप्पाची सोबतीण चंद्री, जिला त्या अग्रहारात मानाचे स्थान नाही, ओळखीच्या एका मुसलमान माणसाच्या मदतीने रात्री गुपचूप त्याचे दहन उरकून निघून जाते. विद्वानांना पुढे बराच वेळ त्याचा पत्ताही लागत नाही. ही चंद्रीची भूमिका स्नेहलतांनी केली होती.

जे कर्तव्य कोणाचे हे ठरविण्यात शहाण्यांचा वेळ गेला, ते कर्तव्य तिने न ठरविताच केले. मला वाटते, ऋण ओळखण्याची ही सर्वांत स्वच्छ पद्धत आहे. तुलना, व्याख्या, उतरंड या साऱ्या आपल्या वादाच्या गोष्टी आहेत. त्या अनावश्यक आहेत असे नाही, मी हा लेखही त्यांच्याच आधारे लिहिला आहे. पण वाद संपण्याची वाट पाहण्याइतका वेळ सोसणाऱ्यापाशी नसतो, एवढे भान वाद घालणाऱ्याने ठेवले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा त्या उद्यानात गेलो होतो. बराकीच्या ओट्यावर दोन मुली परीक्षेची तयारी करीत बसल्या होत्या. पलीकडे कसले तरी धरणे चालू होते. ध्वनिक्षेपकावरून कन्नडमध्ये कोणीतरी आपले गाऱ्हाणे सांगत होते. वाऱ्यामुळे शब्द तुटक येत होते. मुलींनी एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. मला त्यांचा राग आला नाही; पन्नास वर्षांपूर्वी त्याच भिंतीच्या बाहेर मी त्यांच्याहून वेगळा नव्हतो. मी धरण्याच्या दिशेने काही पावले गेलो आणि शब्द स्पष्ट ऐकू येतील अशा अंतरावर उभा राहिलो.